मी रजेवर गेलो तर घराचा चार्ज कुणाकडे?

मांजराकाठ

आमचे अण्णा पोस्टात होते, सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या वेळी रजेवर जायचं तर नुसता अर्ज खरडून भागत नसे. रोकड मोजायची, तिकिटं मोजायची, तिजोरीच्या चाव्या, तारखेचा शिक्का, सगळं येणाऱ्या माणसाच्या हवाली करायचं, कागदावर दोघांच्या सह्या व्हायच्या आणि मगच एसटी धरायची. मागं मी पुण्याला निघालो तेव्हा अण्णा बशीत चहा फुंकत म्हणाले, "चार्ज कुणाला देऊन चाललास?"

"कशाचा चार्ज, अण्णा?"

"घराचा. तू गेलास की हितं पान हलत नाही."

थट्टा म्हणून सोडून दिलं, पण बसमध्ये झोप येईना तेव्हा डोक्यात यादी सुरू झाली. मी लातुरात राहून पुण्यातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो. लॉकडाऊनमध्ये घरी आलो तो इथंच टिकलो, मधूनमधून तिकडं तोंड दाखवून येतो. घरात अण्णा, माय, बायको, नववीतली लेक आणि तिसरीतलं पोरगं. 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' असं घरात एकदा ठरलं की बाकीच्यांचं शिकणं तिथंच थांबतं. गॅस नोंदवायचा माझ्या फोनवरून. लाईटबिल मी भरायचं, शाळेचं ॲप माझ्याकडे, मायच्या खात्याचा ओटीपी माझ्याकडे, गावाकडचा सातबारा काढायचा मी. ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची सरकारी नोंद, मात्र शेतात उभं राहूनच करावी लागते, फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात, म्हणून तेवढ्यासाठी सोयाबीनमध्ये जायचं तेही मीच. अण्णा सोबत येतात आणि धुऱ्यावर उभे राहून शेजाऱ्याशी बोलतात.

गॅसच्या टाकीचं तर विचारू नका. टाकी दारात आली की नोंदवलेल्या नंबरवर आलेला कोड सांगावा लागतो. माझा फोन टेंभुर्णीच्या अलीकडं मान टाकून बसलेला आणि इकडं गॅसवाला टाकी उतरवून उभा, "वहिनी, कोड सांगा." वहिनी काय सांगणार? तो भला माणूस गल्लीतल्या बाकीच्या टाक्या देऊन परत आला, तोवर मला इंदापूरच्या हॉटेलात चार्जर मिळाला होता.

आमच्या धंद्यात एक हिशेब असतो. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर काम ठप्प होईल? उत्तर 'एक' आलं की मॅनेजरची झोप उडते. आमच्या घराचं उत्तर एक आहे आणि तो एक बसनंच प्रवास करतो.

आता पाण्याच्या टाकीचं सांगतो, कारण घरात दुसरं माणूस तयार झालं ते फक्त तिथंच. लातूरकराला पाण्याचं वेड का, हे इथल्यांना सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणायला लागली. लेक तेव्हा लहान होती, तिला गाडी आठवत नाही. पण भाजी धुतलेलं पाणी मोरीत न ओतता कढीपत्त्याला घालायचं, हे तिच्या हाताला आपोआप लागलेलं आहे. आमच्याकडे नळ आला की हौद भरायचा आणि हौदातून मोटारीनं वर. वरच्या टाकीत किती पाणी आहे हे बघायला शिडी चढावी लागे, म्हणून मी झाकणाला आतून अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला. गाडीच्या मागच्या बंपरला असतो तसला, पाण्याला न भिणारा. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, आपल्याला ऐकू येत नाही. पाण्यावर आपटून आवाज परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. सोबत वायफायचा चिमुकला बोर्ड. सगळं मिळून हजाराच्या आत. आकडा स्वयंपाकघरातल्या छोट्या पडद्यावर दिसतो.

उन्हाळ्यात गंमत सुरू झाली. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर जेवढं पाणी दिसायचं, भर दुपारी त्याहून जास्त दिसायचं. मोटार बंद, नळ नाही, आणि टाकी वाढायलीय. माय म्हणाली, "देवाची कृपा." लेकीनं कृपेवर विश्वास न ठेवता विचारलं, "पप्पा, कोडमध्ये आवाजाचा वेग किती धरलाय?"

"३४३ मीटर सेकंदाला." सगळ्या नमुना कोडमध्ये तेवढाच असतो.

"तो वीस अंशाला. आपल्या टाकीत वीस अंश कधी असतं?"

काळी टाकी, गच्चीवर, मे महिना. आतली हवा ४५ अंशाला गेली की आवाजाचा वेग ३५८ च्या घरात जातो. आवाज लवकर परत येतो आणि कोडला वाटतं पाणी जवळ आलं. पाणी ८० सेंटिमीटर खाली असेल तर तीनेक सेंटिमीटरचा फरक पडतो, आमच्या टाकीत साधारण पंचवीस लिटर. बादली-दीड बादली न आलेलं पाणी. पोरीनं टाकीत तापमानाचाही सेन्सर सोडायला लावला, गणित स्वतः लिहिलं आणि आता आकडा दुपारीही खरा असतो. हे यंत्र बिघडलं तर दुरुस्त करणारी दोन माणसं घरात आहेत. बाकी कशालाच नाहीत.

अण्णांच्या आग्रहाखातर मी दोनशे पानी वही आणली आणि सगळं लिहून काढायला बसलोय. मंचावरच्या मंडळींना विचारायचं आहे ते असं की तुमच्या घरात हे कसं चालतं? काय लिहावं, काय लिहू नये, आणि लिहिलेलं वाचणार कोण?

देवणीचा खोंड

पहिला नंबर माझा. वहीत इन्व्हर्टर लिहिला का? आमच्या घरी बॅटरीत पाणी घालायचं असतं हे फक्त मला माहीत होतं. मी वर्षभर बाहेर होतो तेव्हा घरच्यांनी प्रेमानं घातलं, पण बोअरचं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते गिझरच्या कॉईलला विचारा. ते प्लेटांवर बसले आणि बॅटरीनं राम म्हटला. डिस्टिल्ड वॉटर, ठळक अक्षरात लिहा. आणि टाकीचं ते कोड इथं डकवा.

मांजराकाठ

इन्व्हर्टर राहिलाच होता, लिहितो. कोड लेकीच्या वहीत आहे, तिची परीक्षा झाली की टाकतो. फार काही नाही त्यात. वेग म्हणजे ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान, एवढी एक ओळ बदललेली आहे. सेन्सर बसवताना एक लक्षात ठेवा, अगदी जवळचं त्याला दिसत नाही. पाणी काठापर्यंत भरतं तिथून वीतभर तरी वर बसवा, नाहीतर टाकी भरली की आकडे भरकटतात.

डीपी जळाली

धागा आवडला. पण 'घरात यंत्र बसवलं' याचं शहरातल्या लोकांना जे कौतुक असतं त्याची जरा मौज वाटते. आमच्या वसमतकडं मोबाईल स्टार्टर येऊन किती वर्षं झाली! स्टार्टरच्या पेटीत सिम टाकायचं, घरी गोधडीत पडल्या पडल्या मिस्ड कॉल द्यायचा, मोटार चालू. फेज गेला की पेटीच उलटा फोन करून सांगते. शेतीची लाईट रात्री असली की बाराला उठून बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, पायाखाली काय येईल याचा भरवसा नाही. त्यातून सुटका त्या पेटीनं केली. याला आमच्याकडं कुणी स्मार्ट वगैरे म्हणत नाही, 'मोबाईलवाली पेटी' म्हणतात.

आता चार्जचं. आमच्या घरी पेटीचा नंबर वडिलांच्या, माझ्या, चुलत्याच्या आणि सालगड्याच्या, चौघांच्याही फोनमध्ये आहे. कारण साधं आहे. पाणीपाळी चुकली तर हरभरा कुणासाठी थांबत नाही. तुमच्या घरात एकाच माणसाकडे सगळं साचलं, कारण तिथं थांबून चालतं.

मांजराकाठ

डीपीभाऊ, शेवटचं वाक्य लागलं. खरं आहे, वायफाय तासभर गेलं तर पीक वाळत नाही. (आयडी मात्र जबर निवडलाय. डीपी, म्हणजे शेताकडचा लाईटचा ट्रान्सफॉर्मर, यंदा किती वेळा जळाली?)

डीपी जळाली

मोजणं सोडून दिलं. सगळ्यांनी वर्गणी काढून ट्रॅक्टरमध्ये घालून नेली की आठवडाभर नवऱ्या मुलासारखी वाट बघायची.

हिमरू

वाचताना हसले, टाकीच्या भागाला तर फारच. पण एक विचारते. तुमच्या दोनशे पानांत वहिनींच्या चार्जचं पान आहे का?

आमच्याकडे संभाजीनगरात माझा नवरा गावाला गेला तर वायफाय अडतं. मी माहेरी गेले तर काय अडतं ऐका. दूधवाल्याचे खाडे. सासूबाईंची बीपीची गोळी अर्धी की पूर्ण, आणि कोणत्या वेळची कोणती. धाकट्याला मेथी डब्यात चालत नाही पण धपाट्यात चालते. मावशींनी पोळ्याला किती उचल घेतली आणि किती फिटली. मामेसासऱ्यांना फोन करायचा तर आधी कुणाला करून मगच करायचा. कुणाच्या लग्नात आपल्याला काय आहेर आला होता. ज्वारीला कडुलिंबाचा पाला कधी घातला. ही सगळी माहिती एकाच माणसाकडे आहे आणि तिलाही बस लागतेच. या कामाला ओटीपी येत नाही म्हणून ते कुणाला दिसत नाही, एवढंच.

राग मानू नका.

मांजराकाठ

हिमरूताई, राग कसला. तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "लिहून घेता का? घ्या मग." आणि परातीतून मान वर न करता सांगत सुटली. भाकरी संपल्या तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं. आहेराची वही तिच्याकडे लग्नापासूनची आहे, कपाटात साड्यांच्या खाली. म्हणजे या घरातलं पहिलं रजिस्टर तिचं, मी मागाहून आलोय.

मग मी माझी वही तिच्यापुढं ठेवली. तिनं पहिलं पान वाचलं आणि म्हणाली, "राऊटर रिस्टार्ट करा, असं लिहिलंय. राऊटर म्हणजे ते दिवे लागणारं पांढरं, का त्याच्या खालचं काळं?" माझ्या हातून ऑफिसात इतक्या पानांची कागदपत्रं लिहून झाली, हा प्रश्न तिथं कुणी विचारला नव्हता. आता लेबलं चिकटवलीत. पांढऱ्यावर 'वायफाय, आधी हे', काळ्यावर 'याला हात लावू नका'. पोरानं इन्व्हर्टरवर 'याला पण' असं लिहिलंय.

काळी कसदार

मी बँकेत काम करतो, त्यामुळं जरा कडू बोलतो. पिन आणि पासवर्ड वहीत लिहू नका. वहीत 'काय कुठं आहे' ते लिहा, 'कुलूप कसं उघडायचं' ते नको. कुठल्या बँकेत खातं, कुठल्या शाखेत, पासबुक कुठल्या कपाटात, विम्याची कागदं कुठं, एवढं कळलं तरी मागच्या माणसाचं निम्मं काम होतं.

दुसरं, आईच्या खात्याला तुमचा नंबर कशाला? त्यांचा स्वतःचा लावा. तुमचा फोन चोरीला गेला तर घरातली सगळीच खाती एकदम उघडी पडतात. आईला ओटीपी वाचता येत नसेल तर नातीला वाचू द्या, पण तो त्यांच्या फोनवर येऊ द्या. 'कुणाला सांगू नका' हेही शिकवा. आणि फसवणूक झालीच तर लाजत न बसता लगेच १९३० ला फोन करायचा, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर हवा. जितका लवकर फोन, तितकी पैसे पुढं सरकण्याआधी अडवायची शक्यता जास्त.

तिसरं, नॉमिनी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चौघांपर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहून. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते, मालकी वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं ठरते. शेअर्सच्या बाबतीत हेच सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. खातं दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचं असेल तर घरखर्चाचं अडत नाही.

देवणीचा खोंड

कसदारसाहेब, घरात येणारा चोर वही नेतो का सोनं? पत्र्याच्या पेटीतली वही नेटवरच्या चोरापेक्षा बरी, असं मला वाटतं.

काळी कसदार

चोराची भीती नाही हो. भीती घरातल्यांची. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत 'भाचा शिकवायला म्हणून बसला होता' ही बरीच ऐकू येते.

गोदाकाठची

या विषयावर लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं.

आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, गंगाखेड तालुक्यात. उधारीची लाल वही गल्ल्यात असायची. कुणाचं किती, कुणी कधी दिलं, त्यांचं अक्षर सुरेख होतं, आम्हा भावंडांना सगळं वाचता यायचं. शेवटच्या वर्षी त्यांनी हौसेनं सगळी उधारी फोनच्या ॲपवर नेली. शिकले होते ते, भराभर टाइप करायचे, आम्हाला कौतुक वाटायचं. झोपेत गेले. फोनला पॅटर्न होता. आईला माहीत नव्हता, आम्हाला नव्हता. अंदाजानं करून बघितलं तर फोन आणखी वेळ बंद होत गेला.

बरेच गिऱ्हाईक तेराव्यापर्यंत स्वतः येऊन सांगून गेले, माझ्याकडं इतके निघतात. एक बाई दीडशे रुपये रुमालात बांधून घेऊन आल्या होत्या. काहीजण आले नाहीत. कोण आलं नाही हे आम्हाला कळायचा मार्ग नव्हता, त्यामुळं आई दुकानात येणाऱ्या प्रत्येकाकडं जरा वेगळंच बघायला लागली. पैशापेक्षा ते वाईट झालं. दुकान पुढं भावानं चालवलं नाही, त्याला इतर कारणं होती.

मांजराकाठ, पॅटर्न लिहा. कसदारसाहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

काळी कसदार

ताई, काही म्हणत नाही. फोन उघडायची खूण एका विश्वासाच्या माणसाला माहीत असावी हे मान्य. बँकेचा पिन मात्र नको, माणूस गेल्यावर तो वापरणं कायद्यात बसत नाही, दाखला देऊन दावा करणंच बरोबर.

मांजराकाठ

गोदाकाठची ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. काल रात्री मायला, बायकोला आणि लेकीला बसवून तिघींना माझा फोन उघडून दाखवला. बायकोनं उघडल्या उघडल्या गॅलरी बघितली आणि 'नुसते स्क्रीनशॉट!' म्हणून परत दिला.

गूगल खात्याला एक सोय आहे, ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. खातं ठराविक काळ, कमीत कमी तीन महिने, वापरात दिसलं नाही तर कुणाला कळवायचं आणि त्यातलं काय काय उघडायचं हे आधीच ठरवून ठेवता येतं. दहा माणसांपर्यंत नावं देता येतात. सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' शोधा. मी बायकोला फोटो आणि ड्राइव्ह दिलंय, मेल नाही. मेलमध्ये लपवायचं काही नाही, पण माणसाकडं काहीतरी स्वतःचं असावं. ती म्हणाली, "मला तुमचं मेल वाचायला वेळ कुठाय?"

अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि त्यांची पेटी आणली. पेन्शनची कागदं, शेताचे फेरफार, आजोबांच्या नावचा जुना उर्दूतला निजामी कागद, पोस्टाची प्रमाणपत्रं, आणि वर एक यादी, तारीख टाकून, खाली सही. आपली रजा केव्हाही मंजूर होईल म्हणून कधीपासून तयार ठेवलेली. त्या माणसाला फोनमधलं मात्र काही जमत नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून फोनवरच होतो. ॲप सांगतं, डोळ्यांची उघडझाप करा. अण्णा ऑडिटला आलेल्या साहेबाकडं बघावं तसे एकटक बघत बसलेले.

"अण्णा, डोळे मिचकावा."

"कुणाला?"

माय हसून बाहेर निघून गेली. हयातीचा दाखला हसऱ्या चेहऱ्याचा निघाला.

तुरीच्या शेंगा

सगळं छान, पण एक वेगळा सूर लावतो. नववीतल्या पोरीला घराची सिस्टीम ॲडमिन करू नका. आमच्या थोरल्याचं तेच झालं. घरातलं प्रत्येक बिल, प्रत्येक फॉर्म, चुलत्याच्या विहिरीच्या अनुदानाचा अर्जसुद्धा त्याच्याकडे. मोठी माणसं 'पोरगं हुशार' म्हणत सोफ्यावर बसायची आणि हा अभ्यास सोडून सर्व्हर चालू व्हायची वाट बघत बसायचा. चार्ज मोठ्यांनी एकमेकांना द्यावा. लेकरांना लेकरं राहू द्या. आणि तुम्ही तर लातूरचे, पुढच्या वर्षी दहावी आहे तिची.

मांजराकाठ

शेंगा, तुमचा पहिला मुद्दा मान्य. फॉर्म भरणं हे काम तिच्याकडं जाणार नाही, ते मी वहीत लिहूनच ठेवतो.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र थोडं लिहू द्या. लातुरात नववी म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतली पोरं इथं खोल्या करून राहतात, भल्या पहाटे गल्लीत सायकली सुरू होतात, आणि भाजीवालासुद्धा विचारतो, 'नीट का जेईई?' ज्यांनी हा अभ्यासाचा 'लातूर पॅटर्न' उभा केला त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे, आमच्याच घराण्यातली दोन माणसं त्या जोरावर डॉक्टर झाली. पण पोरीनं टाकीत तापमानाचा सेन्सर सोडला त्या संध्याकाळी मी तिला तासभर गच्चीवर बसलेली बघितलं. ऊन उतरत होतं आणि ती पाच-पाच मिनिटांनी आकडा लिहीत होती. कुणी सांगितलं नव्हतं, मार्क नव्हते. खालून माझा एक नातेवाईक म्हणाला, "वेळ वाया घालवायलीय." मी काही बोललो नाही, पण मला तिला खाली बोलवावंसं वाटलं नाही. दहावी होईल. मला भीती दहावीची नाही. पाच-पाच मिनिटांनी आकडा लिहायची ती ओढ त्या दोन-तीन वर्षांत कुठंतरी सांडेल, त्याची आहे. यावर माझ्याकडं उत्तर नाही, वहीत लिहिण्यासारखंही काही नाही.

तुरीच्या शेंगा

हे वाचून आमच्या थोरल्याला फोन केला. आता कॉलेजला पुण्यात आहे. म्हणाला, "पप्पा, त्या अनुदानाच्या अर्जातच मी पहिल्यांदा वेबसाइट कशी तुटते ते बघितलं." आता काय बोलावं? माझा मुद्दा मागं घेत नाही, पण जरा सैल करतो.

हिमरू

वहीचं पुढं काय झालं? वहिनींचं पान झालं का?

मांजराकाठ

झालं. एका रविवारी रीतसर रजा घेतली. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी मसुदा सांगितला, मी लिहिला: 'आज रोजी घराचा चार्ज खालीलप्रमाणे सुपूर्द केला.' खाली यादी. देणार म्हणून माझी सही, घेणार म्हणून बायकोची, साक्षीदार अण्णा. अण्णांनी तारीख टाकून शिक्क्याच्या जागी गोल काढला आणि त्यात लातूर लिहिलं. सकाळी फोन बंद करून मी गावाकडं शेतात गेलो. तुरी भरल्या होत्या, बांधावर पडून राहिलो, दुपारी चुलतभावाकडं येसराची आमटी जेवलो. अधूनमधून हात खिशाकडं जायचा.

संध्याकाळी परत आलो तो चार्ज परत घ्यायला वही उघडली. बायकोनं नोंदी केल्या होत्या, तिच्या आहेराच्या वहीच्या शैलीत. लाईट एकदा गेली, एकदा आली. टाकीचा पडदा बंद पडला, लेकीनं वायर हलवून चालू केला. मधल्या वेळात मायनं अंगणातून काठीनं टाकी वाजवून 'निम्म्याला आहे' सांगितलं, नंतर पडद्यावर ५४ टक्के आलं. माझ्या ऑफिसातून कुणी घरच्या नंबरवर फोन केला, त्याला 'ते रजेवर आहेत' असं सांगण्यात आलं. रविवारी! अण्णांनी हे सांगितलं असणार, त्या वाक्याचा ताठपणा त्यांचाच.

एक नोंद मात्र लाल शाईत. वहीत वायफायचा पासवर्ड आहे हे आमच्या तिसरीतल्या चिरंजीवांना कळलं. दुपारी पायऱ्यांवर गल्लीतली सगळी पोरं ओळीनं बसून घरून आणलेल्या फोनवर गेम खेळत होती. मायनं त्यांना शेंगदाणे-गूळ वाटला, म्हणजे ती आणखी बसली.

चार्ज परत घेताना बायकोनं गॅसची ओळ खोडली. म्हणाली, हे परत देणार नाही. नंतरच्या आठवड्यात एजन्सीत जाऊन तिनं स्वतःचा नंबर लावून घेतला. मायच्या खात्यालाही आता मायचाच नंबर लागलाय, काळी कसदार यांना कळावं.

काळी कसदार

कळलं, आनंद झाला. आता वायफायचा पासवर्ड आधी बदला.

मांजराकाठ

बदलला. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून त्याचा वेग बांधून दिलाय, गल्लीला तेच. काल एक पोरगं दारात येऊन उभं राहिलं, "काका, नेट स्लो चालायलंय, बघा की जरा."

डीपी जळाली

वर्गणी काढायला सांगा.